शेगडीचं डिझेल

११ सप्टेंबर, बुधवार

“लॉगबुकात खोडरबर चालत नाही, सेकंड. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली खरं लिहायचं आणि सही करायची.”

मी नऊ वर्षांची होते. बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर. जहाज दुरुस्तीला लागलं होतं म्हणून आम्हा दोघी बहिणींना आत बघायला नेलं होतं. त्यांच्या वहीत तापमानाच्या रकान्यात मी माझं वय लिहून ठेवलं, आणि मग घाबरून खोडायला लागले! तेव्हाचं बाबांचं हे वाक्य. तेव्हापासून ते चीफ, मी सेकंड – त्यांच्या हाताखालची इंजिनिअर. ताई मोठी असूनही नुसती प्रवासी. तिला हे अजून लागतं.

आज ते वाक्य आठवलं, कारण आज बाबा खोटं बोलले. सरकारी माणसाच्या तोंडावर. शांतपणे.

काल संध्याकाळी आम्ही इथे पोचलो – दोन दिवस पाणी कापून, दुसऱ्या देशात. बोट शिडाची, पण बंदरात शिरायला इंजिन लागतंच. सकाळी नऊला इंधनकराचा अधिकारी आला. आमचं डेक मळू नये म्हणून बुटांवर पिशव्या चढवून आला! तिथेच मला तो आवडला होता. इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडलं, काचेची लांब काडी आत घातली, वर काढली, उजेडात धरली.

गुलाबी.

नियम आता मला पाठ झालाय, लिहूनच ठेवते. डिझेल दोन रंगांचं. पांढरं (असतं पिवळसर, म्हणतात पांढरं) – त्यावर पूर्ण कर. लाल म्हणजे मुद्दाम रंग मिसळलेलं – त्यावर कर नावापुरता. ते मासेमारीला, शेतीला आणि बोटीवर ऊब देणाऱ्या शेगडीला. मौजेच्या बोटीच्या इंजिनात ते घालायचं नाही, आणि परदेशात तर लाल थेंब दिसला तरी बोट अडकवतात. आमच्या बोटीला दोन टाक्या. इंजिनाची मोठी, तिच्यात पांढरं. शेगडीची लहान, तिच्यात लाल.

मोठीत लाल निघालं.

“हे इथे कसं?” अधिकाऱ्याने विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या काडीकडे.

“मी भरलं. जाणूनबुजून. पांढरं महागलंय.”

बाबा! ज्यांनी तीस वर्षांत कंपनीचं पेन कधी घरी आणलं नाही!

सुकाणूच्या चाकातून तार ओवून अधिकाऱ्याने शिशाचं सील ठोकलं. पासपोर्ट त्यांच्या कचेरीत. निकाल लागेपर्यंत बंदराच्या फाटकाबाहेर जायचं नाही. जाताना टाकीच्या झाकणाची कड फडक्याने पुसून गेला.

“सुखात काडी घालायला सरकारने माणूस नेमलाय,” बाबा म्हणाले. मी हसले. मग हसू थांबलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

केबिन नऊ पावलांची. दोघं एकदम उभे राहिलो की एकाला बसावं लागतं. फाटकापर्यंत तीनशे दहा पावलं – आज मोजली. फाटकापाशी एक बाक, एक नळ, एक सूचनाफलक. फलकावर सतरा सूचना. त्याही पाठ होतील.

करंगळीच्या नखाएवढं शिसं. त्याने नऊ टनांची बोट धरून ठेवलीय.

“बाबा, खरं सांगा. मुद्दाम भरलंत?”

“सांगितलं ना.”

“पण का?”

“म्हातारपणी एकदा लबाडी करून बघावी म्हटलं.” हसले नाहीत.

निघायच्या आदल्या सकाळचं मला लख्ख आठवतंय. आपल्या बंदरातला पंप, दोन नळ्या – एक लाल मुठीची, एक पांढऱ्या. बाबा धक्क्यावर उभे. मी दुकानात गेले होते – पाव, बटाटे आणि ताईसाठी एक कार्ड. परत आले तर टाकी भरून झालेली, पावती फाडून झालेली. तेच त्यांना म्हटलं, “मी दुकानात गेले नसते तर मीच भरलं असतं. बघून.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तू दुकानात होतीस?”

“मग? पाव कोणी आणला?”

माझ्याकडे बघत राहिले. “हो. असशील.”

असशील! पाच दिवसांपूर्वीची गोष्ट!

दुपारी पावती शोधली. निळ्या फायलीत हवी होती – कागदपत्रांचं काम माझ्याकडे. सापडली पातेल्यांच्या कप्प्यात, झाकणाखाली. “मीच ठेवली असेन,” बाबा म्हणाले. आईचं असंच सुरू झालं होतं. वस्तू भलत्या जागी. चष्मा फ्रीजमध्ये, किल्ल्या पिठात. आधी आम्ही हसायचो.

बाबांनी लबाडी केलेली नाही. बाबा नळी विसरले. लाल-पांढरी विसरले. ज्या माणसाने उभा जन्म इंजिनाला दूध पाजावं तसं तेल पाजलं, तो टाकी चुकला – आणि ते कळू नये म्हणून चोर व्हायला तयार झालाय!

पावती निळ्या फायलीत लावून ठेवली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काडीवाले (आता हेच नाव) अर्ज घेऊन आले. आठ पानं. केबिनच्या टेबलावर आमच्या दोघांच्या मधे बसले, गुडघे कसेबसे आत घेऊन.

“प्रवासाचा हेतू? काम की आनंद?”

बाबा म्हणाले, “म्हणजे?”

“कामाच्या बोटीला करात सवलत असते. आनंदाच्या बोटीला पूर्ण कर.”

“आनंदावर पूर्ण?”

“पूर्ण.”

“मग लिहा, आनंद,” बाबा दातओठ खात म्हणाले. “आणि हिच्याही पुढे लिहा. आम्ही दोघंही फार आनंदात आहोत.”

काडीवाल्यांनी लिहिलं! दोन्ही ठिकाणी, नीट अक्षरात.

मग पावती. इंधन: लाल. एकशे चाळीस लिटर. उपयोग: शेगडी. ते पावतीकडे बघून म्हणाले, “शेगडीची टाकी तीस लिटरची. एकशे चाळीसमध्ये काय अख्खं गाव शेकणार होता?”

शेवटच्या पानावर दोन चौकोन. ‘जाणीवपूर्वक’ आणि ‘अनवधानाने’. एकावर खूण करायची. कप्तानाने सही करायची, आणि दुसऱ्या खलाशाने साक्षीची. म्हणजे मी.

त्यांनी समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं. जाणीवपूर्वक – तर दंड, टाकी धुऊन घ्यायची, सील निघालं, मोकळे. अनवधानाने – तर दंड नाही. पण मग चूक झाली कशी त्याची चौकशी. कप्तानाला डॉक्टरपुढे बसवणार. डॉक्टरला पटलं नाही तर परवाना जमा.

“प्रामाणिक माणसाला जास्त त्रास आहे हो यात,” मी म्हटलं.

“नियम मी लिहिलेला नाही, बाई. मी फक्त काडी घालतो.”

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले! बाबांना ठसका लागला. चार दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि काडीवाले बिचारे एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

ते गेल्यावर बाबांनी पहिल्या चौकोनात खूण केली, सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

मी घेतलं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

ताईचा फोन. “काय गं, तुरुंगात हवा खेळती आहे ना? चांगली तीन खोल्यांची जागा सोडून कपाटात राहायला गेलीस, आता कपाटाला कुलूपही लागलं!”

“तू घालून पाडून बोलायला फोन केलायस का?”

“त्यासाठीच. बाबांना दे.”

बाबा फोन घेऊन धक्क्यावर गेले. वीस मिनिटं. माझ्याकडे पाठ. मधेच एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा पाठ केली. माझी तक्रार करत असणार – सही करत नाही म्हणून.

मग ताई पुन्हा माझ्याशी. आवाज एकदम मऊ. “तू नीट जेवतेस ना? झोप लागते? आल्यावर एकदा डॉक्टरांकडे जाऊ आपण. डोकं दाखवून घे.”

“डोकं कशाला?”

“दुखतं म्हणालीस ना परवा.”

मी असं काही म्हटलेलं नाही. आता ताईचंही काही खरं दिसत नाही! सांभाळायला एकटी मीच उरले की काय?

१६ सप्टेंबर, रविवार

~~रविवार~~ सोमवार. बाबांनी मागून बघितलं आणि कॅलेंडर माझ्यासमोर ठेवलं. इथे प्रत्येक वारच रविवारसारखा आहे.

प्रकाशकांचा निरोप. मी तपासलेल्या मुद्रितांत या खेपेस ‘बऱ्याच’ चुका राहिल्यात म्हणे. एका पानावर तर एकच ओळ दोनदा छापलेली मला दिसली नाही. वीस वर्षं हे काम करतेय, असं पहिल्यांदाच. बोट हलते, डोळे हलतात. शिवाय जीव टांगणीला लागलाय. त्यांना तसं लिहिलं. उत्तर नाही.

संध्याकाळी बाबा सुकाणूपाशी बसले होते, सीलवर बोट फिरवत. मी शेजारी. आम्ही ज्या सामुद्रधुनीकडे निघालोय तिच्याबद्दल बोलले. इथून पुढे तीन दिवसांची वाट.

“एक्केचाळीस वेळा गेलोय मी तिच्यातून. नोंदी आहेत. आणि एकदाही पाहिलेली नाही.”

“असं कसं?”

“चिंचोळी आहे ना ती. जहाज आत शिरलं की चीफने खाली हजर राहायचं, बाहेर पडेपर्यंत. पाच तास. वरचे लोक फोटो काढायचे. दोन्ही बाजूंना डोंगर आहेत म्हणे, इतके जवळ की डोंगरावरच्या बकऱ्या मोजता येतात. वरचा धाकटा अधिकारी, थर्ड मेट, येऊन सांगायचा, चीफ, आज अकरा होत्या. मी म्हणायचो, बरं.” सीलवरून बोट काढलं. “मला काय, तेलाचा दाब दिसायचा.”

आईला त्यांनी कबूल केलं होतं, निवृत्त झालो की तुला वरून दाखवीन. मग आईचं ते सगळं. अकरा वर्षं. शेवटी तिला समुद्र म्हणजे काय हेच कळत नव्हतं.

म्हणून तर मी बरोबर आले. म्हणून तर दोन परीक्षा देऊन खलाशाचा दाखला घेतला. बाबांना ती सामुद्रधुनी वरून बघायची आहे, एवढंच. माणसाने जगाकडे काय मागितलंय तर पाच तास, आणि बकऱ्या!

परवाना गेला तर ते संपलं. आणि गेला नाही तर? तीन दिवस उघडा समुद्र, रहदारी, प्रवाह – आणि सुकाणूवर नळ्या विसरणारा माणूस. मी सही केली तर त्यांना पाण्यात ढकलते. नाही केली तर काठावर गाडते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

वारा आज नेमका हवा तसा. बांधलेली बोट दिवसभर दोराला ओढ देत होती, दावणीच्या जनावरासारखी.

१८ सप्टेंबर, बुधवार

भांडलो. नऊ पावलांत भांडणही धड करता येत नाही. पाय आपटत बाहेर जायचं तर तीन पायऱ्या चढाव्या लागतात.

मी म्हटलं, “मला माहीत आहे काय झालं ते.”

त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक. “काय माहीत आहे?”

“तुम्ही विसरलात. टाकी चुकलात. आणि कबूल करायची लाज वाटते म्हणून स्वतःला चोर म्हणवून घेताय.”

ते बसले. आणि (हे मला समजत नाही) त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. जणू मी दुसरं काही म्हणेन अशी धास्ती होती.

“बरं, विसरलो,” म्हणाले. “मग काय? चोराला दंड करून सोडून देतात, सेकंड. विसरणाऱ्याला सोडत नाहीत. त्याला तपासतात, कागदावर घेतात, मग सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. पाहिलंय आपण. तू सही कर. आपण ती वाट बघून येऊ. नंतरचं नंतर.”

“आणि वाटेत काही झालं तर?”

“मी आहे ना.”

“तुम्ही आहात हीच तर काळजी आहे!”

बोलून गेले. शब्द परत घेता येत नाहीत.

ते ओट्यापाशी गेले, कप विसळला, पुसला, पुन्हा विसळला. पाठमोरेच म्हणाले, “तुझी आई तुझ्याएवढी असताना—” आणि थांबले.

“असताना काय?”

“काही नाही. छान दिसायची.”

१९ सप्टेंबर, गुरुवार

स्वयंपाकाचा गॅस चालू राहिलेला! ज्योत नाही, नुसता गॅस. मी फाटकापर्यंत जाऊन आले तर केबिनभर वास. बाबांनी झडप वरून बंद केली, सगळ्या खिडक्या उघडल्या, मला हाताला धरून डेकवर बसवलं.

“माझ्याकडून राहिला,” म्हणाले. मी विचारायच्या आधीच. इतक्या पटकन कबूल केलं की मला रडू आलं.

म्हणाले, “रडतेस काय? आहोत ना दोघं.” डोक्यावर थोपटत राहिले, मी नऊ वर्षांची असल्यासारखं.

आता मात्र ठरलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी बाबा दाढी करत असताना कचेरीत गेले. लांबलचक खोली, भिंतीवर काचेच्या नळ्यांची रांग – गुलाबी, फिकट गुलाबी, लालभडक, प्रत्येकीवर चिठ्ठी. किती जणांचे प्रवास तिथे बुचं लावून ठेवलेत!

काडीवाल्यांना म्हटलं, मला वेगळं निवेदन द्यायचं आहे.

त्यांनी कोरा कागद दिला. मी लिहिलं: माझे वडील लबाड नाहीत. त्यांची स्मृती अलीकडे दगा देते. पावती भलत्याच ठिकाणी ठेवली. गॅस चालू ठेवला. इंधन भरताना मी हजर नव्हते, दुकानात होते. असते तर हे झालं नसतं. चूक अनवधानाने झाली. खाली सही. मुद्रितं तपासते तसं दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

त्यांनी वाचलं. त्यांचं त्या काडीइतकंच सरळ तोंड जरा मऊ झालं. “खात्री आहे ना, बाई? एकदा नोंद झाली की चौकशी सुरू होते. डॉक्टर येतील. शिवाय तुमच्याकडच्या पंपावरची नोंदवही मागवावी लागेल. लाल घेताना तिथे उपयोग लिहून सही करावी लागते.”

“मागवा. सही बघूनच कळेल तुम्हाला. हल्ली त्यांचा हात थरथरतो.”

“माझेही वडील आहेत,” ते म्हणाले. शिक्का मारला.

परत येताना तीनशे दहा पावलांचा रस्ता तीन हजारांचा झाला.

२१ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“नोंदवही मागवली?” एवढंच विचारलं.

“हो.”

“कधी येईल?”

“चार-पाच दिवसांत. का?”

“काही नाही.” मग, “तू दमली आहेस. थोडी पड. जेवायचं मी बघतो.”

त्यांच्याच विरुद्ध लिहून दिलंय, आणि तेच मला जेवायला वाढताहेत! बटाटे उत्तम झाले होते. हेही लिहिलं पाहिजे.

२३ सप्टेंबर, सोमवार

ताई परवा विमानाने येतेय. मी बोलावलं नव्हतं.

२५ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टर कचेरीतच आले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले, भांग पाडून. मला त्यांच्याकडे बघवेना. मुलाखतीला आलेल्या मुलासारखे दिसत होते. मी कोपऱ्यात.

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले. मग इकडचं तिकडचं. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाबांनी घड्याळ काढलं – आणि सवयीने त्याखाली इंजिनावरच्या गेजसारखे आकडेही घातले!

“इंजिनाबद्दल काही विचारू?” डॉक्टर म्हणाले.

“विचारा. पण संध्याकाळी मोकळे आहात ना?”

डॉक्टर हसले. मग ते पाच शब्द. खुर्ची, नदी, पिवळा, काका, सुई. बाबांनी धडाधड सांगितले, क्रमाने. मला चारच आठवले – पण मी काही परीक्षेला बसले नव्हते.

“यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं,” डॉक्टरांनी लिहून दिलं. अगदी याच शब्दांत नाही, पण तसंच.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बाहेर आल्यावर मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही, मग टाकी चुकलात कशी?” – तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि नुसते चालत राहिले. फाटकापर्यंत. परत. पुन्हा फाटकापर्यंत.

ताई संध्याकाळी आली. मला मिठी मारून इतका वेळ उभी राहिली, जणू आजारी कोणी दुसरंच आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

नोंदवहीच्या पानाचा फोटो आला. काडीवाल्यांनी संगणकाचा पडदा बाबांकडे नाही, माझ्याकडे वळवला. तारीख बरोबर. एकशे चाळीस लिटर, लाल. उपयोग: शेगडी. भरून घेणाऱ्याची सही – माझी. न थरथरता केलेली, पूर्ण नावाची. शेजारी पंपावरच्या माणसाचा शेरा: बाई स्वतः भरत आहेत, दोनदा विचारून खात्री केली.

मला अजूनही ते दुकान आठवतं. पाव आठवतो. कार्डावरचं चित्र आठवतं.

मी वळून पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना पान बघायची गरज नव्हती.

चूक अनवधानाची ठरली, बाबांचा परवाना शाबूत; सील उद्या निघेल. वारा तीन दिवस चांगला आहे म्हणतात. आत्ता वर जाऊन त्यांना विचारणार आहे – बाबा, मला ताईबरोबर पाठवून द्या, आणि तुम्ही एकटे पुढे जा. मला वाचता येतंय तोवर मला तिथून पत्र लिहा, बकऱ्या किती होत्या ते.

नाही म्हणतील. मला माहीत आहे. तरी विचारायचं आहे – म्हणून आधी इथे लिहिलं.